माप तुझं, तूच सांग

पोरी,

गुरुवारी माझ्या शिवणाच्या दुकानात ट्रायलचा पडदा ओढून तू हळूच विचारलंस, "मावशी, 360 झालेत. डॉक्टर म्हणतात अजून दोनदा भरू. सासूबाई म्हणतात बास झालं. मी काय सांगू?" बाहेर दोन बायका ताटकळत होत्या, म्हणून मी "बघू गं" म्हणून तुला वाटेला लावलं. ते बरोबर नव्हतं. आजारपणात तुझा स्तन काढला, तिथे आता एक्स्पांडर आहे, थोडी थोडी भरून कातडी ताणायची पिशवी. ती काढून पुढे कायमचं इम्प्लांट बसवतील, ते केवढं, हा तुझा प्रश्न. त्या रात्री झोप लागली नाही.

माप तुझं, तूच सांग. मला एवढंच म्हणायचंय, पण ते तुला नीट पटेपर्यंत मी थांबणार नाही.

आधी तो सीसीचा घोळ काढून टाक. सीसी म्हणजे मिलिलिटर, आत किती मावतं एवढंच. ते ब्रेसियरचं माप नव्हे. माझ्या छातीला टेप लाव आणि तुझ्या छातीला लाव. तुझी अरुंद आहे, तेच 360 तुझ्या अंगावर जास्त पुढे येईल, माझ्या अंगावर पसरून जाईल. म्हणून आधी रुंदी बघायची, सेंटिमीटरमध्ये. इम्प्लांटचा तळ तुझ्या छातीच्या रुंदीत बसला पाहिजे. मग पुढे किती यायला हवं ते. सीसीचा आकडा त्यातून निघतो. तू आकड्यापासून सुरुवात केलीस म्हणून गोंधळलीस.

दुसरं, आत्ता आरशात दिसतंय ते शेवटचं नाही. एक्स्पांडर टणक असतो, वर चढल्यासारखा दिसतो. कायमचं इम्प्लांट मऊ असतं, थोडं खाली बसतं. म्हणून काही सर्जन मुद्दाम थोडं जास्त भरतात. आपण शिवणीत माया ठेवतो ना, तशी कातडीची माया. तुझे डॉक्टर त्यासाठीच अजून दोनदा म्हणतायत की खरंच तेवढं मोठं ठेवायचंय, हे तू विचारलंस का? नाही विचारलंस. मान हलवून घरी आलीस. याचाच मला राग येतो.

राग येतो, कारण मीही तेच केलं. 2014 साली माझी डावी बाजू काढली. भरायला पुण्याला जायचं, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून. चुंबक फिरवून एक्स्पांडरचं बटण, म्हणजे सुई घालायची जागा, शोधायचे, पेनाने खूण करायचे, मग सुई, एका वेळी 60 सीसी. परतीच्या गाडीत छातीला कुणी पट्टा आवळून बांधलाय असं वाटायचं. कुर्डुवाडी येईपर्यंत डावा हात उजव्या हातात धरून बसायचे. ते सगळं सोसलं. आणि शेवटी डॉक्टरांनी "किती ठेवायचं?" विचारलं, तेव्हा शेजारी बसलेली नणंद म्हणाली, "या वयात कशाला मोठं?" आणि मी, जिने अर्ध्या पेठेतल्या बायकांची मापं घेतलीत, ती म्हणाले, "तुम्हीच ठरवा डॉक्टर."

त्यांनी ठरवलं. माझ्या उजव्या बाजूकडे त्यांनी नीट बघितलं नाही असं मला आजही वाटतं. पण मीही पदर पुरता बाजूला केला नव्हता.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ब्लाऊजच्या डाव्या कटोरीत, अस्तराच्या आत, स्पंजचा पातळ थर शिवलेला असतो. उन्हाळ्यात तिथे घामाने चुरचुरतं. आपला सोलापूरचा उन्हाळा तुला सांगायला नको.

परत ऑपरेशन का केलं नाहीस, असं मला विचारतात. नाही केलं. परत भूल, परत दुकान बंद, मला नको होतं. ते मी कुणाला न विचारता ठरवलं आणि त्याचं मला एक दिवस वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते "तुम्हीच ठरवा"चं. दोन्हीतला फरक कळतोय का तुला?

मोठं घे असं मी सांगत नाहीये, नीट ऐक. कातडी पातळ असेल तर मोठ्या इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या हाताला लागतात, वजनही रोज वाहायचं असतं. पुढे रेडिएशन असेल तर आधीच विचार, कारण त्याने इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. भरताना फार दुखलं, कातडी पांढरी पडली, तर तिथल्या तिथे थांबा म्हण. भरलेलं थोडं काढताही येतं. तुझी शाबूत असलेली डावी बाजू मोठी वाटली तर ती उचलून किंवा लहान करून जुळवता येते, तेही माग. मी मागितलं नाही, मला लाज वाटली. आणि एक्स्पांडर आहे तोवर कुणी एमआरआय सांगितला तर आधी आत एक्स्पांडर आहे हे सांग. बऱ्याच एक्स्पांडरच्या बटणात चुंबक असतं.

शेवटचा आकडा बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावरच ठरतो. सायझर, म्हणजे माप बघायचे तात्पुरते इम्प्लांट, आत घालतात, टेबल उचलून तुला बसतं करतात आणि दोन्ही बाजू ताडून बघतात. तेव्हा तू भुलीत असशील. नवरा बाहेर, सासूबाई बाहेर. म्हणून आधी कागदावर लिहून दे: या आकड्यापासून या आकड्यापर्यंत, आणि अडलंच तर लहान, किंवा अडलंच तर मोठं. यातलं एक तू निवड. माप तुझं आहे.

मंगळवारी ये, दुपारी एकनंतर. दुकान तेव्हा बंद असतं. आजारपणाच्या आधी शिवलेला तुझा तो इरकलीवरचा मोरपिशी ब्लाऊज घेऊन ये. मी साध्या सुती कापडाचा एक कच्चा टाचून ठेवते, दोन्हीकडे भरपूर माया ठेवून. औषधाच्या मापाने 60 मिलिलिटर तांदूळ मोजून पातळ पिशवीत भरू, आधी एक पिशवी, मग दोन. तंतोतंत नाही कळणार, पण आरशात अंदाज येतो. समोरून बघू, बाजूने बघू, ओढणीशिवाय बघू. आकडा तू बोलशील, मी वहीत लिहीन.

कुणाला सोबत आणू नकोस. आणि जेवून ये, बराच वेळ उभं राहावं लागेल.

तुझी,
मावशी