घरकुल अर्धवट राहिलंय, मदत रोख द्यावी की सामान घेऊन द्यावं?

तुमच्या जुन्या सालदाराचं उमरेडकडचं सरकारी योजनेतलं घरकुल लेंटलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत येऊन थांबलंय, मित्रांनी मिळून 50 हजार जमवलेत, आणि ते रोख द्यावेत, सामान द्यावं की एखाद्या संस्थेच्या हाती सोपवावेत, असं तुम्ही विचारलंय. संस्थेचं मला काही सांगता येणार नाही. पण रोख की सामान यावरून आमच्याकडे अजून भांडण मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

भिवापूर तालुक्यात माझ्या सासुरवाडीच्या शेतावर राबणाऱ्या एका बाईचं घर असंच अडकलं होतं. 2022 ची गोष्ट. सगळ्यांनी वर्गणी काढली. मी म्हटलं, रोख द्या. मोठे मेहुणे म्हणाले, "जावईबापू, रोख दिली का नवरा उडवते. सिमेंट काही पिता येत नाही." सगळे हसले आणि तेच ठरलं. जूनच्या मध्यावर 40 गोण्या गेल्या. 269 चौरस फुटांच्या घराच्या स्लॅबला 20-22 पुरतात. पण फोटोत ट्रॅक्टर भरलेला दिसायला हवा होता ना!

बाई गोण्यांकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "भाऊ, सिमेंट त उधारीत भेटते जी. रेतीवाला अन् सेंटरिंगवाला नगदी मागते." सेंटरिंग म्हणजे स्लॅब टाकताना खालून लावायच्या फळ्या आणि टेकू, ते भाड्याने मिळतात.

तिथंच आमची अक्कल निघाली. घरकुलाचा पहिला हप्ता, 15 हजारांचा, आधी मिळतो. पुढचे हप्ते त्या-त्या टप्प्याचं काम होऊन त्याचा फोटो सरकारकडे ऑनलाइन चढल्यावर. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधी पदरचे घालायचे. हप्ता येणार हे दुकानदाराला माहीत असतं, तो सिमेंट-लोखंड लिहून देतो. ट्रॅक्टरवाला आणि मिस्त्री लिहून घेत नाहीत. तिला जी वस्तू पैशाशिवाय मिळत होती, नेमकी तीच आम्ही पाठवली.

त्यात 10 जूनपासून नदीतून रेती काढणं बंद. साठ्यावरच्या रेतीचा भाव विचारायची सोय नाही. गोण्या गोठ्यात, उघड्या जमिनीवर, भिंतीला टेकवून. जुलैत विदर्भात काय पाऊस झाला ते आठवत असेल. तिने शहाणपणा करून त्याआधीच 12 गोण्या गावातल्या दुकानदाराला परत दिल्या आणि जुनी उधारी वळती केली. उरलेल्या 28 मधल्या बऱ्याचशा दिवाळीपर्यंत दगड झाल्या. मेहुणे आजही सांगतात, "आपण सिमेंट दिलं, तिनं विकून खाल्लं." विकून नाही खाल्लं, उधारी फेडली! पण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर बायको माझ्याकडेच डोळे वटारते.

शेवटी डिसेंबरात मी कोणाला न विचारता 18 हजार तिच्या खात्यात टाकले. घरकुल तिच्याच नावावर आहे. सेंटरिंगचं भाडं, रेती आणि मिस्त्रीचा अर्धा हिशेब त्यात भागला, बाकीचं तिने बचत गटातून उचललं. जानेवारीत स्लॅब पडला. दगड झालेल्या गोण्या दारापुढे पायरीसारख्या रचल्यात, त्यावर बसून ती मिरच्या निवडते.

म्हणून माझं मत सरळ आहे: रोख द्या. "गरिबाच्या हाती पैसा टिकत नाही" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या घराच्या बांधकामात किती उडवले ते आधी मोजावं. आमच्या मेहुण्यांनी तीनदा फरशी बदलली.

आता खरं सांगायचं तर त्या बाईचा नवरा पितो, तेवढं मेहुण्यांचं बरोबर. त्यामुळे पैसे घरातल्या बाईच्या खात्यात, आणि दोन वेळा करून. मिस्त्रीचे तुम्ही परस्पर दिले तरी चालेल. घरकुलवाल्यांना 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती फुकट द्यायचं राज्याचं धोरण 2025 मध्ये आलंय, त्याची चौकशी करा. रेती मिळाली तरी ट्रॅक्टरला पैसे लागतीलच. आणि स्लॅब फेब्रुवारीच्या आत टाकायला सांगा. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात त्याला दिवसातून तीन-चारदा पाणी मारावं लागतं, आणि गावात तेव्हा प्यायच्या पाण्याचीच मारामार असते.