तेरा वर्षांचा अनुभव आणि जावा ८

“माझी तेरा वर्षं एकाच सिस्टिमवर गेली. उद्या ही नोकरी गेली तर मला कोण घेईल?”

सल्ल्यासाठी समोर बसलेल्या बाईंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. वय ३८. बिलिंगच्या एका सॉफ्टवेअरवर सलग काम. सर्व्हरचा कोड जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे जावा ८ मध्ये, स्क्रीन अँग्युलरजेएसमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस. नोकरीवर गदा आलेली नव्हती, पण टीममधले दोघं सोडून गेले होते आणि जाहिराती वाचल्या की त्यांच्या पोटात गोळा यायचा. नेमकी हीच काळजी घेऊन येणारे बरेच असतात, म्हणून ओळख पटेल असा तपशील गाळून हा अनुभव इथे मांडत आहे.

त्या हातावर हात धरून बसल्या होत्या असं अजिबात नाही. दीड वर्षात त्यांनी सात कोर्स घेतले होते. रिअ‍ॅक्ट, कुबरनेटीस, गो, मशीन लर्निंग आणि आणखी काही. एकही पाव हिश्श्यापुढे गेला नव्हता. त्याला त्या “माझा आळस” म्हणत होत्या. आळस नव्हता तो. व्हिडिओत शिकवणारा टाइप करतो, त्याचा कोड चालतो आणि बघणाऱ्याला वाटतं की आपल्यालाही आलं. पण चूक आपल्या हातून झालेली नसते, डोकं आपण खाजवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. मग वाटतं, हा विषय आपला नाही, दुसरा घेऊ. सात कोर्स असेच होतात.

आधी कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. डावीकडे सावकाश जुनं होणारं, उजवीकडे भराभर जुनं होणारं. टेबलांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची मांडणी संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली, डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेचं पहिलं प्रमाणीकरण १९८६ चं. दोन्ही आजही रोजच्या कामात आहेत. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून आहे. ट्रान्झॅक्शन, इंडेक्स, एचटीटीपी, दुसऱ्याचा कोड वाचणं, लॉगवरून बिघाडाचा माग काढणं, हे सगळं डावीकडे. उजवीकडे अँग्युलरजेएस, ज्याचा अधिकृत सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर संपला, आणि मार्च २०१४ मध्ये आलेलं जावा ८. बाईंचा डावा रकाना कागदाच्या तळापर्यंत गेला, उजवीकडे सहाच गोष्टी होत्या. डावीकडचं हे सगळं ‘कौशल्य’ म्हणून त्यांनी कधी मोजलंच नव्हतं.

पण इथे नुसता धीर देऊन थांबणं मला पटत नाही. डावा रकानाही गंजतो. त्यांना विचारलं, “क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हळू चालली तर काय करता?” त्या म्हणाल्या, “इंडेक्स लावतो.” (इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी, नोंद चटकन शोधून देणारी यादी.) “आणि इंडेक्स असूनही डेटाबेसनं तो वापरला नाही तर?” त्या गप्प झाल्या. तेरा वर्षांपैकी किती वर्षं नवं शिकण्यात गेली आणि किती तेच पुन्हा करण्यात, हे अशा प्रश्नांवरून कळतं.

मग जाहिराती. घाबरून वाचलेल्या शंभर जाहिरातींपेक्षा मोजून वाचलेल्या तीस बऱ्या. आज आपण अर्ज करू शकू अशाच निवडायच्या, स्वप्नातल्या नाहीत. प्रत्येकीतल्या मागण्यांवर खूण करायची: हवंच, असल्यास उत्तम, आणि यादी लांबवायला घातलेलं. बाईंनी एका रविवारी हे केलं. स्प्रिंग बूट (जावात सर्व्हर लिहायची चौकट), एसक्यूएल, ऑटोमेटेड टेस्ट आणि डॉकर (प्रोग्राम त्याच्या गरजेच्या सगळ्या गोष्टींसह डब्यात बांधायचं साधन) जवळपास सगळीकडे ‘हवंच’मध्ये निघालं. असे अनेक डबे सांभाळणारं कुबरनेटीस बहुतेक ठिकाणी ‘असल्यास उत्तम’. ज्या मशीन लर्निंगनं त्यांची झोप उडवली होती ते तीसपैकी दोन जाहिरातींत होतं, तेही यादीच्या शेपटाला. सातपैकी पाच कोर्स त्या दिवशी बंद झाले.

शिकायचं कशावर? कंपनीचा कोड घरी आणायचा नाही, हे आधी स्पष्ट करावं लागतं. तो आपल्या मालकीचा नसतो. त्याऐवजी त्याच विषयाची छोटी प्रतिकृती स्वतः लिहायची. त्यांच्यासाठी ठरलं असं: ग्राहक, बिल, बिलातल्या ओळी आणि भरणा अशी चार टेबलं, स्क्रिप्टनं भरलेली दहा लाख खोटी बिलं, आणि सुरुवात मुद्दाम जुन्यापासून, म्हणजे जावा ८ आणि स्प्रिंग बूट २.७. त्या चकित झाल्या. “जुनं तर मला येतंच!” म्हणूनच. अनेक कंपन्यांत आज खरं काम असतं ते चालू सिस्टिम न मोडता नव्या आवृत्तीवर नेण्याचं. त्यात जुन्याची जाण ही जमेची बाजू ठरते, आणि कोऱ्या प्रोजेक्टवर शिकणाऱ्याकडे नेमकी तीच नसते.

पायऱ्या चार. जुनंच स्प्रिंग बूट ठेवून जावा १७. मग स्प्रिंग बूट ३, ज्याला किमान जावा १७ लागतं. मग जावा २१. शेवटी सगळं डॉकरमध्ये. एका वेळी एकच बदल, टेस्ट हिरव्या (म्हणजे पास) झाल्या की कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंद, मग पुढची पायरी. दोन पायऱ्या एकदम चढल्या की काय कशामुळे मोडलं ते कळत नाही, आणि बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो.

पहिल्याच पायरीवर बिल्ड, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायची प्रक्रिया, कोसळला. एक्सएमएल वाचणाऱ्या भागाला क्लास सापडेनात, कारण जॅक्सबी हा एक्सएमएल हाताळणारा भाग जावा ११ पासून जेडीकेतून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढून टाकलेला आहे. तो आता वेगळी डिपेंडन्सी, म्हणजे बाहेरची लायब्ररी, म्हणून घालावा लागतो. पाठोपाठ एक जुनी लायब्ररी अडकली. ती रिफ्लेक्शननं (प्रोग्राम चालू असताना दुसऱ्या कोडच्या आत डोकावायच्या सोयीनं) जावाच्या आतल्या भागात हात घालत होती आणि जावा १७ नं ती दारं बंद केली आहेत. ‘अ‍ॅड ओपन्स’ हा पर्याय देऊन दार उघडता येतं आणि शोधलं की हाच उपाय आधी समोर येतो. तो तात्पुरता समजावा. खरा उपाय म्हणजे लायब्ररीची नवी आवृत्ती.

दुसऱ्या पायरीवरची चूक फार शिकवणारी होती. स्प्रिंग बूट ३ मध्ये ‘जावाएक्स’ नावाची पॅकेजेस ‘जकार्ता’ झाली आहेत. बाईंनी अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधा-आणि-बदला चालवलं. एरर कमी होण्याऐवजी नव्याच उगवल्या, त्यातली पहिली डेटासोर्सची. कारण ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ हे पॅकेज जेडीकेचंच आहे, ते कधी बदललंच नाही. बदलले ते पर्सिस्टन्स, सर्व्हलेट, व्हॅलिडेशन यांसारखे एंटरप्राइझ जावाचे भाग. त्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येक इम्पोर्ट कुठून येतो ते हातानं तपासलं. तेरा वर्षं जे इम्पोर्ट एडिटर आपोआप घालत होता, ते त्यांनी पहिल्यांदा वाचले.

वेळ ठरवला आठवड्याला पाच तास: मधल्या दोन दिवशी एकेक आणि सुट्टीच्या दिवशी सलग तीन. बिल्ड दुरुस्तीसारखं काम तुकड्यांत होत नाही, म्हणून तो तीन तासांचा सलग पट्टा सोडायचा नाही. तरी सहाव्या आठवड्यात ऑफिसात रिलीज आली, दोन आठवडे कोरे गेले आणि त्या “आता सगळं सोडून पायथॉन घेते” म्हणत आल्या. खंड पडला की नव्या विषयाची ओढ वाढतेच. तिथे अजून अपयश आलेलं नसतं. बुडालेले तास भरून काढू नका, इतकंच सांगितलं. उलट काम छाटलं: ग्राहकांचा अहवाल रद्द. ठरलेल्या बारा आठवड्यांचे सतरा झाले. चाललं.

इंडेक्सच्या प्रश्नाचं उत्तरही याच दहा लाख बिलांवर सापडलं. एका दिवसाची बिलं काढणारी क्वेरी तारखेच्या कॉलमवर डेट फंक्शन लावत होती. क्वेरी कशी चालते ते दाखवणारा ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ हा आदेश चालवला तर सीक्वेन्शिअल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल वाचलं जात होतं. इंडेक्स होता तो कॉलमवर आणि तुलना होत होती फंक्शनच्या उत्तराशी. अट बदलून ‘त्या दिवसाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या दिवसाच्या सुरुवातीआधी’ अशी केली आणि प्लॅनमध्ये इंडेक्स दिसला. एक खबरदारी: हा आदेश क्वेरी खरोखर चालवतो. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शन सुरू करून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे झालेले बदल मागे घेतले जातात.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. त्यांना सर्व्हरचंच काम करायचं होतं, म्हणून आजच्या अँग्युलरमध्ये एक यादी आणि एक फॉर्म, एवढंच.

एआय सहाय्यकाची धास्ती मात्र वेगळी होती. “आता हेच कोड लिहितं, मग मी कशाला?” उत्तर त्यांच्याच टेस्टनं दिलं. कर दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करायचा होता, १.००५ चं अपेक्षित उत्तर १.०१, येत होतं १.००. त्यांनी सहाय्यकाला सांगितलं, “ही टेस्ट पास कर.” त्यानं टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच १.०० करून टाकलं. टेस्ट हिरवी झाली, बिल चुकीचंच राहिलं. खरं कारण असं की बिगडेसिमल या नेमक्या दशांशांच्या प्रकाराला डबल हा अंदाजे साठणारा आकडा दिला होता, आणि डबलमध्ये १.००५ नेमका मावत नाही, तो १.००४९९९… असा साठतो. तोच आकडा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून दिला की उत्तर बरोबर येतं. तेव्हापासून नियम झाला: टेस्ट आपण आधी लिहायची, सहाय्यकाला टेस्टच्या फाइलला हात लावू द्यायचा नाही, आणि जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही ती कमिट करायची नाही. सहाय्यक वापरायलाच हवा, तो टाळणं हेही मागे पडणंच आहे. पण बिल बरोबर आहे की नाही हे ठरवणारं माणूस आपण असायला हवं.

केलेलं काम दिसायला हवं. त्यासाठी प्रमाणपत्रांच्या राशीपेक्षा रीडमीचं, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या माहितीपत्रकाचं, एक पान जास्त बोलतं: काय मोडलं, का मोडलं, काय केलं, आधी किती वेळ लागायचा आणि आता किती. बाईंनी ते पान लिहिलं आणि मग ऑफिसात वरिष्ठांकडे गेल्या. “मला नवं शिकायचंय” म्हणून जाऊ नका, असं त्यांना बजावलं होतं. ती गरज आपली असते. स्प्रिंग बूट २.७ चा मोफत सपोर्ट २०२३ मध्येच संपला, सुरक्षेच्या दुरुस्त्या आता फुकट येत नाहीत, ही गरज वरिष्ठांची. पहिल्या खेपेला “पुढच्या तिमाहीत बघू” असं उत्तर आलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी रीडमी पुढे ठेवलं आणि सगळ्यात छोटी एक सर्व्हिस मागितली. ती मिळाली.

पुढचं वेळापत्रकही ठरलं आहे. जावाची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. प्रत्येकीच्या मागे धावायचं कारण नाही. दीर्घकाळ सपोर्ट असलेल्या १७, २१ आणि २५ या २०२१, २०२३ आणि २०२५ च्या. म्हणून वर्षातून दोनदा तासभर बदलांची यादी वाचायची, आणि दोन वर्षांनी प्रतिकृती नव्या दीर्घकालीन आवृत्तीवर न्यायची. सध्या त्यांची २५ वर चालली आहे.

मुलाखतीची एक तालीम शेवटच्या भेटीत केली. “व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवायचे जावाचे हलके धागे) वापरलेत का?” या प्रश्नाला त्या आधी अडखळल्या, मग म्हणाल्या, “प्रॉडक्शनमध्ये नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये जावा २१ वर वापरले, तेव्हा सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच शिरू देणाऱ्या कोडच्या भागात, ते खालच्या थ्रेडला अडकून राहायचे. जावा २४ मध्ये ते सुधारलंय, म्हणून २५ वर पुन्हा मोजतेय.”