बीएस्सी करताना उन्हाळी फेलोशिपच्या अर्जात ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात काय लिहावं?

तुम्ही विचारलंय: तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, उन्हाळ्यातल्या फेलोशिपचा अर्ज भरायचाय, त्यात ‘शैक्षणिक पार्श्वभूमी’ आणि ‘प्रयोगशाळेतील संशोधनाचा अनुभव’ असे दोन रकाने आहेत. आमच्या कॉलेजात संशोधन होतच नाही, तर दुसऱ्या रकान्यात काय लिहू?

हाच रकाना २०१८ च्या दिवाळीत मी दोन दिवस कोरा ठेवला होता. मी वाशिम जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स आणि मग जवळच्याच कॉलेजात मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, बॉटनी असे विषय. आता पुण्यात पीएचडी करते आहे, आणि दर उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज सरांसोबत वाचते. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

पहिलं म्हणजे, तुम्हाला अनुभव नाही हे मला पटत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत तुम्ही ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखणं) केलंय, सिरियल डायल्यूशन (नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं) केलंय, प्लेटवर स्ट्रीकिंग (जिवाणू रेघा ओढून पसरवणं) केलंय. हे सगळं ‘प्रॅक्टिकल’ या नावाखाली झालं म्हणून तुम्ही ते मोजत नाही. तुमचं जर्नल काढा. पण त्यात छापून आल्यासारखी जी ‘अपेक्षित उत्तरं’ असतात ती सोडून द्या आणि प्रत्यक्षात टेबलावर काय झालं होतं ते आठवा.

माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. आमच्या मॅडमनी दुसऱ्या वर्षी तिघींना एक छोटा प्रकल्प दिला होता: शेतातल्या मातीतून स्फुरद विरघळवणारे जिवाणू शोधायचे. आमच्याच तुरीच्या मुळांजवळची माती आणली. १ ग्रॅम माती ९ मिलि निर्जंतुक पाण्यात, त्यातलं १ मिलि पुढच्या ९ मिलिमध्ये, अशा सहा नळ्या. कॉलेजचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, बंद होता, म्हणून मॅडमनी घरचा प्रेशर कुकर आणला. १५ पौंड दाबाला आत साधारण १२१ अंश तापमान होतं, तत्त्व तेच. माध्यम, म्हणजे प्लेटमधलं जिवाणूंचं खाद्य, होतं पिकोव्हस्काया अगार. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्लेट दुधाळ पांढरी दिसते. ज्या जिवाणूला ते विरघळवता येतं तो ग्लुकोनिकसारखी आम्लं बाहेर सोडतो आणि त्याच्या वसाहतीभोवती पारदर्शक वलय तयार होतं. पाचव्या दिवशी इनक्युबेटरचं दार उघडलं, प्लेट खिडकीसमोर धरली, आणि त्या पांढऱ्या पडद्यात चार गोल खिडक्या उघडल्यासारख्या दिसल्या. मी तेव्हा मोठ्याने ओरडले होते. पलीकडच्या वर्गातले सर बघायला आले.

चार वसाहती वेगळ्या केल्या, पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर घेतल्या. तिसऱ्या वेळी त्यातल्या एकीचं वलय नाहीसं झालं. वसाहत तीच, वाढ तशीच, पण वलय नाही. आम्हाला वाटलं आपल्याकडूनच काहीतरी चुकलं. अहवालात आम्ही ‘तीन जिवाणू मिळाले’ एवढंच लिहिलं.

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘मला सूक्ष्मजीवशास्त्रात लहानपणापासून खूप रस आहे व मी अत्यंत मेहनती आहे.’ मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि विचारलं, ‘चौथ्या प्लेटचं काय झालं ते कुठंय?’ मग मी नव्याने लिहिलं. किती माती, कोणतं माध्यम, किती दिवस, किती तापमान, वसाहतीचा आणि वलयाचा व्यास कसा मोजला, आणि चार पैकी एका जिवाणूची क्षमता तिसऱ्या सबकल्चरनंतर (नव्या प्लेटवर घेतल्यानंतर) दिसेनाशी झाली, का ते आम्हाला कळलं नाही. सगळं मिळून सात-आठ ओळी. पुण्याच्या लॅबमध्ये निवड झाली तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी त्याच ओळीवर बोट ठेवून अर्धा तास गप्पा मारल्या. वारंवार सबकल्चर केल्यावर काही जिवाणूंची ही क्षमता कमी होते किंवा जाते, हे आधीपासून माहीत असलेलं आहे, हे मला तेव्हा समजलं. आमची चूक नव्हतीच ती. आम्ही खरी गोष्ट पाहिली होती आणि अहवालातून काढून टाकली होती.

आता मी अर्ज वाचते तेव्हा हेच शोधते. ‘पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस, एलायझा, एचपीएलसी येतं’ अशी प्रयोगशाळेतल्या तंत्रांची यादी बहुतेकांच्या अर्जात असते. त्यातलं बरंचसं एका दिवसाच्या कार्यशाळेत लांबून पाहिलेलं असतं. स्वतःच्या हाताने केलं असेल तर ‘केलं’ लिहा, पाहिलं असेल तर ‘पाहिलं’ लिहा. कोणी प्रश्न विचारला की दोन मिनिटांत फरक कळतो, आणि मग खऱ्या असलेल्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

शैक्षणिक पार्श्वभूमीत फार रेंगाळू नका. कुठे शिकलात, कोणते विषय, प्रत्येक सेमिस्टरचे गुण. एखाद्या सेमिस्टरला गुण घसरले असतील आणि कारण सांगण्यासारखं असेल तर एका वाक्यात सांगा, लपवू नका. माझ्या दुसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत ४८ होते, ते तसेच लिहिले. इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर लिहा. तिच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० हे उन्हाळी प्रकल्पासाठीच धरलेले असतात, ते बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं. मराठी माध्यमातून आलात हे लिहायला लाजू नका, पण त्याची माफीही मागू नका. एक करा: अर्ज इंग्रजीतच लागतो, तरी आधी सगळं मराठीत लिहून काढा. आपण काय केलं हे आपल्या भाषेत नीट सांगता आलं की इंग्रजी वाक्यं आपोआप लहान होतात.

लॅबमध्ये गेल्यावर काय होतं तेही सांगते, कारण तिथूनच पुढच्या अर्जाचा खरा ‘अनुभव’ तयार होतो. माझं काम होतं जिवाणूंचा डीएनए काढून १६एस जनुकाची, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाची, पीसीआर करणं, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती तयार करणं. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर साधारण १५०० बेस जोड्यांचा पट्टा दिसायला हवा. पहिल्याच वेळी तो लख्ख दिसला. पण शेजारच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येही, म्हणजे जिथे डीएनएऐवजी फक्त पाणी घातलं होतं तिथेही, तसाच पट्टा होता. मला शिकवणाऱ्या ताईंनी जेलचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, ‘आता यातला एकही पट्टा तुझा नाही.’ पुढचे दहा दिवस फक्त तो नको असलेला पट्टा घालवण्यात गेले. प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) बदलला, टिप्सचा डबा बदलला, पिपेट पुसून घेतले. जिवाणूंचा डीएनए सगळीकडे असतो. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं टॅक एन्झाइमच बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत तयार केलेलं असतं, त्यामुळे त्यातही थोडा डीएनए येऊ शकतो, हे ताईंनी तेव्हाच सांगितलं. शेवटी पाण्याची नवी नळी उघडली आणि तो पट्टा गेला. मग कुठे आमच्या जिवाणूंचा क्रम मिळाला. एक जिवाणू बॅसिलस या गटातला निघाला. कोणती प्रजाती ते फक्त १६एसवरून ठरवता आलं नाही, बॅसिलसमध्ये प्रजाती एकमेकींच्या फार जवळ असतात.

दोन महिन्यांत एवढंच हाती लागलं. मला मात्र ते दहा दिवस उरलेल्या सगळ्या दिवसांपेक्षा मोलाचे वाटतात, आणि एमएस्सीच्या मुलाखतीत मी त्यांच्याबद्दलच बोलले.

कुठे अर्ज करायचा ते थोडक्यात. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, ती साधारण दोन महिन्यांची असते. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस, आघारकर संस्था आहेत. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञांना थेट मेल करायला हरकत नाही, पण त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचून, त्यातल्या एका आकृतीबद्दल खरोखर पडलेला प्रश्न विचारून. एकच मेल चाळीस जणांना गेला की तो ओळखू येतो. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष ‘संशोधनासह ऑनर्स’ करायचं मनात असेल, तर यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, तेही आत्तापासून ध्यानात असू द्या.

अकादमींच्या अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं, आणि ते मुलांकडून नेहमी शेवटच्या दिवसासाठी राहतं. तुमच्या मॅडमना किंवा सरांना दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत भेटा. जाताना जर्नल सोबत न्या आणि जिथे उत्तर ‘चुकलं’ होतं ते पान उघडून दाखवा. त्या पानावर काय होतं ते इथे खाली लिहिलंत तर अर्जाच्या सात-आठ ओळी आपण मिळून बसवू.