सुपरचार्जरवाल्या ट्रकमध्ये वाइडबँड गेज स्टार्टर मारताना का विझतं?

२००३ ची फोर्ड लाइटनिंग, ५.४ लिटर, वर ईटनचा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप), आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड एअर-फ्यूएल गेजची लाल वायर तुम्ही रेडिओच्या सर्किटवर मारलीय. तिथेच घोळ आहे, गेज बिघडलेलं नाही. क्रँक करताना ते सर्किट बंद पडतं आणि गेजच्या एक्झॉस्टमधल्या सेन्सरचा हीटर दरवेळी पहिल्यापासून तापायला लागतो.

मल्टिमीटर घेऊन फ्यूज बॉक्ससमोर बसा. चावी रन आणि स्टार्ट, दोन्हीला १२ व्होल्ट आणि चावी काढली की शून्य, असा फ्यूज शोधा. तिथे फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून गेजला १० अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका, प्लीज.

खरी गोम अर्थच्या (ग्राउंडच्या) वायरमध्ये असते. पत्र्यावरचा रंग न काढता त्यावरच स्क्रू आवळला की गेजवरचा आकडा उगाच नाचतो. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवडा, मग रिंग टर्मिनल आवळा. ट्विस्ट करून टेप गुंडाळणं तर नकोच, क्रिम्प करा, म्हणजे जोड पक्कडीने दाबून बसवा.

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवा, आडव्यापेक्षा निदान १० अंश वर, नाहीतर पाणी साचून मरतो. वायरिंग अर्धवट असताना सेन्सर एक्झॉस्टमध्ये ठेवून गाडी चालवू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते.

सुपरचार्जरच्या स्टॉक (कंपनीच्या मूळ) पुलीवर साधारण ८ पीएसआय बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, येतो. तेव्हा फुल थ्रॉटलला गेजवर ११.५ (एक भाग इंधनाला ११.५ भाग हवा) च्या आसपास दिसायला हवं. १३ दिसलं, म्हणजे इंधन कमी पडतंय, तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा आणि आधी फ्यूएल प्रेशर तपासा.