पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वी खरंच उलटले होते का? हे कशावरून कळतं, आणि आता पुन्हा उलटणार का?

हो, उलटले होते, शेकडो वेळा. ‘कशावरून’ हा तुमचा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्याचा पुरावा आपण मुंबईकर येता-जाता पाहतो.

पुण्याला जाणारी गाडी कर्जत सोडून घाट चढायला लागली की खिडकीबाहेर काळा कातळ दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजत गेला, तोच हा बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात. दगड ५८० अंश सेल्सिअसच्या खाली निवला की हे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात.

सह्याद्रीतले नमुने मोजले तेव्हा खालच्या जाडजूड थरांत ही दिशा आजच्या उलट निघाली आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडे सुलट. म्हणजे हे डोंगर रचले जात असतानाच ध्रुवांची अदलाबदल झाली! विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा कळलं, त्यानंतर घाटातून जाताना मला कधी डुलकी लागलेली नाही. त्याच कणांचा कल सांगतो की तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ३० अंशांच्या आसपास होता. १९५०च्या दशकात या दगडांवर काम करणाऱ्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती.

पृथ्वीचं हे चुंबकीय क्षेत्र तयार होतं २,९०० किलोमीटर खाली, घुसळणाऱ्या वितळलेल्या लोखंडात. त्या घुसळणीला वेळापत्रक नाही. डायनासोरांच्या काळात जवळजवळ ४ कोटी वर्षं ध्रुव एकदाही उलटले नाहीत. शेवटची अदलाबदल मात्र अवघ्या ७.८ लाख वर्षांपूर्वीची.

आता पुन्हा? गेल्या दोनेक शतकांत क्षेत्र सुमारे ९ टक्क्यांनी क्षीण झालंय, पण एवढ्यावरून ध्रुव उलटू लागलेत असं म्हणता येत नाही. असे चढउतार पूर्वीही झाले आहेत. शिवाय अदलाबदलीला हजारो वर्षं लागतात, आणि मागच्या खेपेला आपले पूर्वज त्यातून तरले, त्यामुळे घाबरू नका.

ही घट कळते ती वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजमाप होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, त्यांच्या विजेने उपकरणं बिघडू नयेत म्हणून, १९०४ मध्ये ते काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं. तिथे ते आजही चालू आहे.