न्यू जर्सीतील सरकारी शाळा : नाशिकहून येणाऱ्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नांचा सारांश असा : यजमानांची बदली मध्य न्यू जर्सीत होते आहे, मुलगा चौथीत बसेल, मुलगी ऑगस्टमध्ये पाच वर्षांची होईल, तेव्हा १० पैकी १० गुण मिळालेल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्येच (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागातच) जास्त भाडे भरून घर घ्यावे का, तिथे दिवसभर वर्गात नेमके काय चालते, आणि एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या आईला शाळेत काही करता येते का. मी चौदा वर्षांपूर्वी सांगलीहून अशीच आले होते आणि माझी दोन्ही मुले इथल्या सरकारी शाळांत वाढली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गुणांविषयी. घरांच्या जाहिरातींशेजारी शाळेला १ ते १० असा जो आकडा दिसतो, त्याचा मोठा भाग राज्याच्या परीक्षांतील मुलांच्या गुणांवर ठरतो. ही परीक्षा इथे तिसरीपासून वसंत ऋतूत भाषा आणि गणित या विषयांची होते. ज्या गावात शिकलेले, सुस्थितीतले पालक जास्त, तिथे हा आकडा आपोआप वर जातो. तुमच्या मुलीच्या वर्गात रोज सकाळी काय घडते, हे त्यातून कळत नाही. न्यू जर्सी राज्य लहान असले तरी त्यात सुमारे सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे आहेत. त्यामुळे ७ गुणांच्या डिस्ट्रिक्टमध्ये परवडणारे घर आणि शाळेत फेरी मारायला उरलेला वेळ, हा सौदा १० गुणांच्या ठिकाणी ओढाताणीने राहण्यापेक्षा मला बरा वाटतो. एक गोष्ट मात्र घर ठरवण्याआधी विचारून घ्या : किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, पूर्ण दिवसाचे आहे की अर्ध्या दिवसाचे. अर्ध्या दिवसाचे असेल तर मुलगी दुपारच्या आत घरी येईल.

प्रवेशाची धास्ती बाळगू नका. मुलाखत, देणगी, चिठ्ठ्या हा प्रकार नाही. घराचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत, ती शाळा तुमची, आणि तीही विनाशुल्क. व्हिसाची स्थिती शाळा विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या एका निकालापासून तो दंडकच आहे. भाडेकरार, वीजबिल, जन्मदाखला, आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाचा तक्ता एवढे लागते. खरा घोळ लसींचाच होतो. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे मोजत नाहीत, कारण पहिल्या वाढदिवसानंतरच्याच मात्रा ग्राह्य धरल्या जातात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नसल्याने अनेक मुलांना दिलेलीच नसते, आणि धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची एक मात्रा चौथ्या वाढदिवसानंतरची लागते. हे सारे नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण करून, तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. भारतातून थेट येणाऱ्या मुलांकडून क्षयरोगाची चाचणीही मागितली जाते. जन्मतः बीसीजी टोचलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी उगाचच होकारार्थी येऊ शकते, म्हणून डॉक्टरांकडे रक्तचाचणीचा आग्रह धरा.

नोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, असा एक प्रश्न असतो. इंग्रजी लिहा, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या वर्गात) टाकतील, असा सल्ला तुम्हाला इथले काही जण देतील. तो ऐकू नका. मराठी असे स्वच्छ लिहा. त्यानंतर एक छोटी चाचणी होते, आणि गरज दिसली तर चार-पाच मुलांच्या गटात वेगळी शिक्षिका रोज थोडा वेळ इंग्रजी शिकवते. त्यात कमीपणा काही नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमातून आला होता, तरी वर्षभर त्या गटात होता आणि त्याचे इथले पहिले मित्र त्याला तिथेच भेटले.

आता वर्गाविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. किंडरगार्टनच्या वर्गात बाकांच्या रांगा नसतात. चार-पाच मुलांची एकेक टेबले आणि मध्ये एक मोठा गालिचा. सकाळी मुले आली की आपापली दप्तरे खुंटीला लावतात, राष्ट्रध्वजाकडे पाहून प्रतिज्ञा होते (ती म्हणण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, तुमच्या मुलांनी नुसते शांत उभे राहिले तरी चालते), आणि मग सगळे गालिच्यावर गोल करून बसतात. एकमेकांना नावाने अभिवादन, आजचा वार, बाहेरची हवा, काल काय केले याचे एखाद-दुसरे वाक्य, असा अर्धा तास जातो. आपल्या नजरेला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मलाही वाटला होता. पण घरात तोंड न उघडणारी माझी मुलगी तीन महिन्यांत त्या गोलात उभी राहून आजीच्या परसातल्या विहिरीविषयी सांगू लागली, तेव्हा माझे मत बदलले. प्रत्येकाला आठवड्याचे एक काम असते : रांगेत पुढे उभे राहणे, दार धरून ठेवणे, झाडांना पाणी घालणे. या कामांचा मुलांना फार अभिमान असतो.

वाचन आणि गणित बहुतेक वेळ लहान गटांत चालते. शिक्षिका अर्धगोल टेबलाशी पाच मुलांना घेऊन बसते आणि बाकीची मुले ठरलेल्या कोपऱ्यांत आपापले काम करतात. ठरावीक वेळाने गट बदलतात. सर्वांसाठी एकच पाठ्यपुस्तक क्रमाने संपवणे हा प्रकार प्राथमिक शाळेत जवळजवळ नाही. प्रत्येक मुलाच्या टोपलीत त्याला झेपतील अशी पुस्तके असतात, आणि घरचा अभ्यास म्हणजे रोज वीस मिनिटे वाचणे व फार तर गणिताचे एक पान. चित्रकला, संगीत, व्यायाम आणि ग्रंथालय यांच्या तासांना स्पेशल्स म्हणतात. त्यांना वेगळे शिक्षक असतात. मधल्या सुट्टीत थंडी असली तरी मुलांना बाहेर सोडतात, त्यामुळे बर्फात घालायचे बूट ही चैन समजू नका.

चौथीतल्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी. माझा मुलगा आला तेव्हा त्याला २९ पर्यंतचे पाढे पाठ होते, आणि त्या जोरावर तो वर्गात पहिला येईल अशी आमची खात्री होती. पहिल्याच चाचणीत उत्तर कसे काढले ते समजावून सांगा, असा प्रश्न आला. त्याने लिहिले, ‘मला पाठ आहे.’ उत्तर बरोबर, गुण अर्धे. इथे १२ गुणिले १५ करताना चौकोन काढून त्याचे भाग पाडायचे, १० गुणिले १५ आणि २ गुणिले १५ वेगळे करायचे, हे शब्दांत मांडायचे आणि वर्गमित्राची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी का, तेही सांगायचे, अशी अपेक्षा असते. पाढे सोडू नका, ते पुढे कामी येतातच. पण तू असे का केलेस, हा प्रश्न घरी मराठीतून विचारायला आजपासून सुरुवात करा. पहिला-दुसरा नंबर नसतो आणि प्रगतिपुस्तकात टक्क्यांऐवजी प्रत्येक कौशल्यापुढे १ ते ४ यांपैकी आकडा असतो. बहुतेक मुलांना वर्षाच्या मध्यापर्यंत २ किंवा ३ मिळतात. तो आकडा पाहून आजोबांनी नाशिकहून काळजीचा फोन केला, तर त्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

विषयांत काही गोष्टी तुम्हाला नव्या वाटतील. हवामानबदल सर्व इयत्तांत आणि अनेक विषयांत शिकवण्याचा नियम अमेरिकेत सर्वप्रथम न्यू जर्सीने केला आणि सप्टेंबर २०२२ पासून तो लागू झाला. आशियाई-अमेरिकन लोकांचा इतिहास शिकवण्याचा कायदाही इथे जानेवारी २०२२ मध्ये झाला. असे धडे प्रत्यक्षात किती जिवंत होतात, हे बरेचसे शिक्षकांवर आणि त्यांच्या मदतीला येणाऱ्या पालकांवर अवलंबून असते.

एक जड गोष्टही सांगायला हवी. या राज्यात दर महिन्याला आगीचा एक सराव आणि सुरक्षेचा एक सराव कायद्यानेच होतो. दुसऱ्यात कधी कधी दिवे मालवून, दाराला कडी घालून, मुले कोपऱ्यात गप्प बसतात. पालकांना तसे कळवले जाते. माझी मुलगी ते ज्या सहजतेने सांगते, त्या सहजतेची मला अजून सवय झालेली नाही.

आता पालकांच्या सहभागाविषयी. एच-४ वर वेगळी परवानगी नसेल तर पगारी काम करता येत नाही, म्हणजे बदली शिक्षिका किंवा जेवणाच्या सुट्टीतली पगारी मदतनीस होता येणार नाही; पण बिनपगारी स्वयंसेवेला अडचण नाही, आणि शाळेला तिचीच गरज असते. सप्टेंबरमध्ये बॅक टू स्कूल नाइट असते. त्या संध्याकाळी मुलांना न नेता आईवडिलांनी वर्गात जायचे, छोट्या खुर्च्यांवर बसायचे आणि शिक्षिकेकडून वर्षाची आखणी ऐकायची. तिथे किंवा त्याच आठवड्यात मदतीची यादी येते : ग्रंथालयात पुस्तके लावणे, वर्गात गोष्ट वाचून दाखवणे, पुस्तकजत्रेत टेबल सांभाळणे, सहलीला सोबत जाणे, जूनमधल्या मैदानी खेळांच्या दिवशी पाणी वाटणे. सहलीच्या जागा यादी आल्यावर दहा मिनिटांत भरतात. ग्रंथालयाच्या मात्र महिनोन्महिने रिकाम्या असतात. तुम्ही ग्रंथालय घ्या. आठवड्यातून एक तास तिथे घालवलात, तर शाळेतली सगळी मुले, निम्म्या शिक्षिका आणि मुख्याध्यापिका तुम्हाला वर्षभरात नावाने ओळखू लागतील. काही डिस्ट्रिक्ट स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करतात, तिला थोडे दिवस लागतात.

पालक-शिक्षक संघटनेला कुठे पीटीए तर कुठे पीटीओ म्हणतात. पीटीए ही १८९७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संघटनेची शाखा असते, तर पीटीओ त्या शाळेपुरती स्वतंत्र. दोन्हींचे काम सारखेच : वर्गणी आणि कार्यक्रमांतून पैसे उभे करून जादूगार, लेखक किंवा विज्ञानाचे प्रयोग शाळेत आणणे. आपले लोक वर्गणी लगेच देतात, बैठकीला मात्र जात नाहीत. मीही दोन वर्षे गेले नाही, आणि ती माझी चूक होती. कारण कोणत्या इयत्तेला कोणती शिक्षिका येणार, बसचा थांबा का हलणार, हे सगळे तिथे चहाच्या वेळी आधी कळते.

दिवाळीत वर्गात काही करायला बोलावतील, तेव्हा एक मर्यादा लक्षात ठेवा. सरकारी शाळेत धर्माविषयी माहिती देता येते, पूजाअर्चा करता येत नाही, आणि वर्गात पेटती पणती तर नाहीच. मी दरवर्षी कागदी आकाशकंदील करायला घेते आणि मुलांनी मातीचा किल्ला केल्याची सांगलीतली छायाचित्रे दाखवते. अंगणात किल्ला बांधायला दिवाळीची सुट्टी मिळते, हे ऐकून बावीस अमेरिकन मुले थक्क होतात. दिवाळीला मध्य न्यू जर्सीतल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये आता सुट्टी असते, सर्वत्र नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टचे वर्षाचे कॅलेंडर आधी पाहून घ्या. खाऊ मात्र पाठवू नका. पहिल्या संक्रांतीला मी हौसेने वर्गासाठी तिळगूळ पाठवला आणि तासाभरात शाळेच्या नर्सचा फोन आला : शेंगदाणे आणि तीळ, दोन्हींची घातक ॲलर्जी असलेली मुले वर्गात होती. दाण्याचे कूट आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत कुठेही असते, तेव्हा उपासाच्या दिवशी डबा भरताना वर्गाचा नियम आधी विचारा.

सुट्ट्यांबद्दलही सावध करते. शाळेचे किमान १८० दिवस असतात आणि त्यांपैकी १० टक्के दिवस मूल गैरहजर राहिले, म्हणजे १८ दिवस, की त्याची नोंद दीर्घ गैरहजेरीत होते, मग कारण भाच्याचे लग्न का असेना. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, त्यामुळे गणपतीला नाशिकला राहून उशिरा परतण्याचा मोह होईल. पण वर्गाची घडी बसते ती त्याच दोन आठवड्यांत.

या साऱ्याच्या वर असते ते बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारे मंडळ. बहुतेक ठिकाणी त्याच्या सदस्यांना गावातले मतदार तीन वर्षांसाठी निवडून देतात आणि त्यांना पगार नसतो. शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून येतो आणि त्या कराची वाढ साधारणपणे वर्षाला २ टक्क्यांवर रोखलेली आहे, म्हणून दर वसंतात काय कापायचे यावरून वाद होतात. तुम्हाला मत देता येणार नाही, पण तुमच्या भाड्यातून हा कर जातोच, आणि बैठक सर्वांना खुली असते. नाव-गाव सांगून कोणालाही बोलता येते. आमच्या गावात एका वर्षी चौथीच्या मुलांचे व्हायोलिनचे वर्ग बंद करण्याचा प्रस्ताव आला. मीही रांगेत उभी राहिले. तीन मिनिटे मिळतात, हात थरथरत होते, इंग्रजी अडखळत होते. माझ्यामागे सत्तरीचे एक गृहस्थ होते, ज्यांची नातवंडेसुद्धा दुसऱ्या राज्यात शिकतात. तरी ते बोलायला आले होते. आपल्याकडे शाळेचे काम म्हणजे शाळेचे आणि पालकांचे. मूल शाळेत नसलेला माणूसही शाळेसाठी रात्री नऊपर्यंत बसतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. वर्ग राहिले, त्यांचा वेळ मात्र कमी झाला.

मराठीची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण ती लागेलच. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी) जोडलेल्या मराठी शाळा इथे सुट्टीच्या दिवशी भरतात, बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या सरकारी शाळेच्याच वर्गांत. मुलगा बारावीला जाईल तेव्हा इंग्रजीबरोबर दुसरी भाषा उत्तम येत असल्याचा राज्याचा शिक्का शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रावर मिळवता येतो. त्यासाठी मराठी वाचता-लिहिता आली पाहिजे, नुसती बोलता येऊन भागणार नाही.

आणि येण्याआधीच्या तयारीत बसत नाही अशी एक गोष्ट. प्रवेशाच्या अर्जात आईवडिलांखेरीज जवळ राहणाऱ्या दोन व्यक्तींची नावे आणि फोन मागतात, मूल आजारी पडले आणि तुम्ही फोन उचलला नाही तर त्याला घेऊन जाण्यासाठी. नव्या माणसाचा पेन तिथे अडतो. आम्ही यजमानांच्या एका सहकाऱ्याचे नाव लिहिले आणि दुसऱ्या रकान्यापुढे अर्धा तास बसून राहिलो. शेवटी मी शेजारच्या आजींचे दार वाजवले, ज्यांना आम्ही चार दिवसांपूर्वी फक्त हात केला होता. त्यांनी फोन नंबर लिहून दिला आणि मुलीला सफरचंद आवडते का, एवढेच विचारले. तुम्ही सामान उतरवलेत की पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्यांकडे जाऊन या.