सेटबॅकची जागा कशाला वापरायची, ते ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) आधी ठरवून घ्या

तुमच्या मुलुंड पूर्वेच्या गल्लीतल्या चार सोसायट्या एकाच वेळी पुनर्विकासाला निघाल्यात. रस्ता रुंद होणार, तर त्या वाढीव जागेत, म्हणजे सेटबॅकमध्ये, सायकलमार्ग मागावा का, यावरून सभासदांत दोन तट पडलेत. ‘मुंबईत सायकल ट्रॅक टिकत नाहीत, कशाला वेळ घालवायचा’ असं एका गटाचं म्हणणं. मी म्हणेन, जरूर मागा आणि आताच मागा. एकदा इमारती उभ्या राहिल्या की ही जागा पुन्हा हाताला लागत नाही.

ट्रॅक टिकत नाहीत ही तक्रार खरी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ट्रॅकवर गाड्या उभ्या राहायच्या, आणि शेवटी रस्त्याच्या लेन वाढवण्यासाठी तो काढायचं ठरलं. पवई तलावाकाठचा मार्ग मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि झालेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. तानसा जलवाहिनीलगतची वस्ती न्यायालयाच्या आदेशाने हटली, त्यातली कितीतरी कुटुंबं माहुलच्या प्रदूषणात जाऊन पडली, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला. मला यात एकच दोष दिसतो. जिथे जागा सापडली तिथे मार्ग आखले. सायकली कुठे चालतात ते कुणी पाहिलं नाही. पहाटे पाच-साडेपाचला तुमच्याच नाक्यावर उभे राहा. दूधवाला, पाववाला, डब्यात इडल्या घेऊन निघालेला अण्णा, रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन, थोड्या वेळाने क्लासची मुलं. स्टेशन, मंडई, शाळा, एवढ्या टप्प्यात ही माणसं रोज सायकल मारतात. मार्ग त्यांच्यासाठी हवा.

आता जागेचं. महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम २९७ खाली रस्त्याची नियमित रेषा ठरते. तुमच्या प्लॉटचा जो भाग त्या रेषेच्या पुढे येतो, तो पुनर्विकासात महापालिकेकडे जातो. हाच सेटबॅक. त्याच्या बदल्यात एफएसआय (वाढीव बांधकामाचं चटईक्षेत्र) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा विकास हक्क) मिळतो, त्यामुळे ‘सोसायटीची जमीन फुकट गेली’ ही ओरड सभेत कुणी केली तर तिथेच खोडून काढा. खरी अडचण पुढे येते. चार इमारती चार वेगवेगळ्या वर्षी पुऱ्या होतात आणि तोवर रस्त्याची कड करवतीच्या दातांसारखी आत-बाहेर राहते. मोकळ्या झालेल्या खाचांत आधी बिल्डरचं साइट ऑफिस, मग रॅबिट (राडारोडा), मग टँकर, आणि शेवटी कायमच्या गाड्या. चौथी सोसायटी ताबा घेईपर्यंत तिथे पार्किंगचा हक्कच तयार झालेला असतो, आणि तो मोडायला कुणी पुढे येत नाही.

म्हणून सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) देऊन चारही प्लॉटचे डीपी रिमार्क्स (विकास आराखड्यातले शेरे) महापालिकेकडून काढा आणि रस्त्याची मंजूर रुंदी बघा. १३.४० मीटर असेल तर गणित घट्ट आहे. गाड्यांना ७ मीटर, दोन्ही बाजूंना इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे १.८ मीटरचे फुटपाथ, उरले २.८. त्यात एका बाजूला २ मीटरचा सायकलमार्ग बसतो किंवा पार्किंगची रांग, दोन्ही नाही. हे सभेत स्पष्ट सांगा, लपवू नका. सभासद पार्किंगवरच अडून बसले तर फुटपाथ तरी सोडू नका; वेग कमी ठेवलेल्या गल्लीत सायकल रस्त्यावरूनही नीट चालते. रुंदी १८.३० मीटर असेल तर ७.७ मीटर उरतात. दोन्ही बाजूंना सायकलमार्ग, झाडं आणि एका अंगाला पार्किंग, सगळं मावतं. तिथे नाही म्हणायला कुणाला कारणच नाही.

रस्त्याइतकंच महत्त्व आवाराला द्या, याकडे बहुतेक सोसायट्या लक्ष देत नाहीत. यांत्रिक टॉवर पार्किंगमध्ये सायकल ठेवता येत नाही. जिना अग्निसुरक्षेसाठी मोकळा ठेवावा लागतो. मग मुलांच्या सायकली गेटच्या जाळीला साखळीने बांधलेल्या दिसतात आणि दोन पावसाळ्यांत गंजतात. तळमजल्यावर छप्पर असलेला सायकल स्टँड, आणि पोडियमचा (पार्किंगच्या मजल्यांचा) रॅम्प फुटपाथ कमीत कमी तोडेल अशा ठिकाणी, या दोन अटी टेंडरमध्येच घाला. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या विशेष सभेत बिल्डर निवडला गेला की नंतरची प्रत्येक मागणी ‘एक्स्ट्रा’ म्हणून मोजली जाते. तुमच्या पीएमसीला (प्रकल्प सल्लागाराला) हे आजच कळवा. नकाशे अजून कागदावर आहेत तोवर रॅम्प हलवायला खर्च येत नाही.

सेटबॅकच्या बाबतीत चारही सोसायट्यांनी एकाच मजकुराचा ठराव करावा: ताबा दिल्यावर ती पट्टी रस्त्याच्या पातळीला आणून फुटपाथ आणि सायकलमार्गासाठीच वापरावी, तिथे पार्किंग देऊ नये, आणि बिल्डरने ती ओसीआधी मोकळी करून द्यावी. शेवटची अट विकास करारातही लिहून घ्या. ठरावांच्या प्रती जोडून टी वॉर्डच्या सहायक आयुक्तांना एकच संयुक्त अर्ज द्या, प्रत रस्ते विभागाला आणि इमारत प्रस्ताव विभागाला. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ओसीच्या वेळी तोच कागद पुढे करावा लागतो.